तीनशे बारा पावले

आमच्या बपेऱ्यात काही कारण नसताना धावणारा मी एकटाच मनुष्य आहे. बाकीचे लोक धावत नाहीत असे नाही. तुमसरची बस सुटू लागली की धावतात, धानाच्या बांधीत गुरे शिरली की धावतात, लग्नात पहिली पंगत बसू लागली की काहीजण तर चांगल्याच वेगाने धावतात. पण मागे कुणी लागलेले नाही, पुढे काही मिळायचे नाही, अशा स्थितीत पहाटे साडेपाचला पायांत बूट चढवून धावणारा मास्तर दिसला की लोक थांबून विचारतात, "काहून धावता जी? कोनी मांगं लागलं का?" ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

माझी वाट ठरलेली. तुमसरहून निघालेली सडक सिहोऱ्यावरून आमच्या गावाला येते आणि पुढे बावनथडीचा पूल ओलांडून मध्य प्रदेशात शिरते. पुलाच्या पलीकडच्या कठड्याला हात लावायचा आणि परत फिरायचे, असा नेम. म्हणजे रोज सकाळी मी धावत परराज्यात जातो आणि चहाच्या वेळेला स्वराज्यात परततो. सारी वाट सपाट. समुद्रसपाटीपासून आम्ही असू तीनशे मीटरच्या आतबाहेर. चढ म्हणावा असा वाटेत एकच, तो पुलाचा.

अंगणात पाऊल टाकले की मी मिनिटे जाहीर करतो. "आज बत्तीस!" सौ. आतून "हं" म्हणते आणि उकळता चहा गाळायला घेते. कधी मला तीस मिनिटे लागतात, कधी वाटेत कुणी अडवले तर चाळीस. पण चहा थंड झालेला नाही आणि मला थांबावेही लागलेले नाही. वर्षानुवर्षे हे असे चालले असताना त्यात काही नवल आहे हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. मिनिटे मी एका वहीत तारीखवार लिहून ठेवतो. पस्तीस वर्षे हजेरीपट भरले. हाताला सवय राहते.

धावणाऱ्या माणसाला आणखी एक रोग हमखास जडतो, तो धावण्याविषयी वाचण्याचा. मी वाचले होते की १९६८ साली मेक्सिको सिटीला ऑलिंपिक सामने झाले, ते २२४० मीटर उंचीवर. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर तेव्हा दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम होता, २७ मिनिटे ३९.४ सेकंदांचा. मेक्सिकोत तो सहावा आला आणि रेषा ओलांडताच बेशुद्ध होऊन पडला. जिंकला केनियाच्या डोंगराळ मुलखातला नफ्ताली तेमू. पण त्यालाही २९ मिनिटे २७.४ सेकंद लागले, म्हणजे क्लार्कच्या विक्रमाहून एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद जास्त. आणि गंमत अशी की त्याच मैदानावर बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारून साऱ्या जगाला थक्क केले. विरळ हवा उडी मारणाऱ्याला, शंभर मीटर धावणाऱ्याला वाट मोकळी करून देते. ज्याला अर्धा तास श्वास घ्यायचा आहे त्याच्याशी मात्र ती मोठ्या कंजूषपणाने वागते.

पुढे जगातले धावपटू मुद्दाम उंचावर जाऊन राहू लागले. आमचेही जातात. राष्ट्रीय सराव शिबिरे उटीला भरतात, आणि उटीची उंची जवळजवळ मेक्सिको सिटीइतकीच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हा तर माझे दैवत. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी आणि धावत जाणारा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहून आला आणि मग धावपटू झाला. २०२२च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. त्यापूर्वीच्या सहा राष्ट्रकुल सामन्यांत ह्या शर्यतीचे एकही पदक केनियाबाहेर गेले नव्हते. ती शर्यत पाहताना मी घरात एवढ्याने ओरडलो की शेजारचे लोक बघायला आले.

ह्या साऱ्या वाचनातून मी काढलेला निष्कर्ष असा, की उंचावर धावले म्हणजे रक्त सुधारते. ही गोष्ट खोटी नाही. उंचावर प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडे एक द्रव्य रक्तात सोडतात आणि त्याच्या हुकमाने अस्थिमज्जा तांबड्या पेशी अधिक करू लागते. पण ह्याला आठवडे लागतात, असे त्याच पानावर लिहिलेले होते. ते तेवढे शब्द मी कसे ओलांडले देव जाणे. परीक्षेत प्रश्न अर्धाच वाचून उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी जन्मभर छड्या दाखवल्या!

२०२३च्या सप्टेंबरात आमच्या मुलीने आणि जावईबापूंनी आम्हा दोघांना लडाखला न्यायचा बेत केला. दोघेही नागपूरला नोकरीला. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून ही भेट. सौ.ने आधी धानाच्या निंदणाची सबब सांगितली, मग गुडघ्याची, मग पोळ्याची. पोळा त्या वर्षी १४ सप्टेंबरला होता. त्याच्या आत परत आणतो असे वचन मुलीने दिले तेव्हा स्वारी कबूल झाली. मी मात्र पहिल्या दिवसापासून तयार. माझी पिशवी भरताना पहिल्याने काय भरले असेल हे वाचकांनी ओळखलेच असेल.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण माझ्या फाजील आत्मविश्वासाचे मूळ तिच्यात आहे. साताऱ्याला २०१२ पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जायचे आणि तोच घाट उतरून परत यायचे, एकवीस किलोमीटर. मी २०१८ साली ती पुरी केली होती, आणि घाटात माझ्याहून तरुण असे पुष्कळ जण मागे टाकले होते. तेव्हापासून डोंगर माझ्या ओळखीचा आहे असे मी समजत असे. चढ आणि उंची ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे माझ्या गावीही नव्हते. यवतेश्वराचा चढ पायांना विचारतो, "दम आहे का?" आणि दम भरायला हवा मात्र भरपूर देतो. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच टोक कळसूबाईचे, १६४६ मीटर. लेह गावच मुळी ३५०० मीटरवर आहे.

दिल्लीहून विमान सव्वा तासात तिथे उतरते. ह्या सव्वा तासातच सारी मेख आहे. जुने व्यापारी झोजीला ओलांडून खेचरांबरोबर कित्येक मुक्काम करीत तिथे पोचत. उंची त्यांच्या अंगात हळूहळू भिनत असे. आम्ही दिल्लीत इडली खाल्ली आणि तिचा ढेकर लेहला दिला.

उतरल्यावर साऱ्यांनी एकच सांगितले: दोन दिवस काही करू नका. विमानतळावर सांगितले, टॅक्सीवाल्याने सांगितले, ज्या घरी उतरलो होतो त्या घरच्या म्हाताऱ्या मालकाने तर हात खाली दाबून "धीरे, धीरे" असे दोनदा सांगितले. संध्याकाळी मुलीचे डोके दुखू लागले, जावईबापू जिना चढून धापा टाकू लागले, सौ. जेवली नाही. मला काही झाले नाही. मी तिघांकडे पाहून मनातल्या मनात म्हणालो, "रोज धावणाऱ्याची गोष्टच निराळी." पुढे डॉक्टरांकडून कळले की धावण्याचा सराव असलेल्याला हा विकार होत नाही हा निव्वळ भ्रम आहे, उलट असलेच लोक पहिल्या दिवशी घाई करून आजारी पडतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला मी बूट हातात घेऊन चोरासारखा बाहेर पडलो. सकाळ मोठी देखणी होती. दोन्ही बाजूंना उंच सफेद्याची झाडे, गल्लीच्या कडेने खळखळत जाणारा पाण्याचा पाट, आणि दरीपलीकडच्या डोंगरांच्या माथ्यावरच्या बर्फाला नुकताच लागलेला उन्हाचा गुलाल. थंडीने कान झोंबत होते. मी घड्याळ लावले आणि निघालो. पहिली पन्नास पावले काहीच वाटले नाही. शंभराव्या पावलाला छातीत कुणीतरी जागे झाले. दोनशेनंतर मी तोंड वासून हवा ओढत होतो, आणि हवा येतही होती. पण पाणी घातलेल्या दुधाने जसे पोट भरत नाही, तसे त्या हवेने काही भरेना. पावले मी मोजत होतो, कारण मिनिटांचा हिशेब बसत नाही हे लवकरच कळून चुकले होते. तीनशे बाराव्या पावलाला मी एका दगडी भिंतीला धरून उभा राहिलो. उभाही राहवेना म्हणून बसलो. डोळ्यांपुढे काळ्या माशा उडत होत्या आणि कानांत धानाचे मळणीयंत्र सुरू झाले होते.

पाठीला टोपली बांधलेली एक म्हातारी समोरून आली. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. "जुले," असे म्हणून तिने नमस्कार केला, माझ्या बुटांकडे पाहिले, आणि चढ चढत, तोंडाने काही पुटपुटत, एका लयीत निघून गेली. तिचा श्वास ऐकूही आला नाही.

पाऊण तासाने पलीकडच्या सपाट गल्लीने मी हळूहळू परत आलो. खोलीत सौ. नव्हती. तिच्या चपला नव्हत्या, शाल नव्हती. अंगणात पाहिले, मुलीचे दार ठोठावले. कुणालाच ठाऊक नाही. मग दहाएक मिनिटांनी, मी ज्या चढाने गेलो होतो त्याच चढावरून ती येताना दिसली. एका हाताने भिंत धरलेली, ओठांचा रंग जांभळट. पदर सुटलेला होता, आणि तो सावरायचे तिला भान नव्हते. ती धावली होती. सात पावले सोडली तर जिने जन्मात धाव घेतलेली मला आठवत नाही, ती बाई साडेतीन हजार मीटरवर चपलांनिशी चढावर धावली होती.

"आलात?" एवढेच ती म्हणाली आणि खाली बसली.

दुपारपर्यंत तिला तीन उलट्या झाल्या. डोके असे दुखत होते की उजेड सहन होईना. चारला आम्ही तिला रुग्णालयात नेले. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात, तो आकडा एकाहत्तर होता. नव्वदच्या जवळ असता तर तिथे तो ठीक म्हणतात. मुलगी रडली आणि मग माझ्यावर चिडली. "बाबा, तुम्हाला काल किती वेळा सांगितलं होतं!" जावईबापू एक अक्षर बोलले नाहीत. औषधे आणली, सासूबाईंच्या पायांवर पांघरूण घातले. जावयाचे असले मौन सासऱ्याने भोगून पाहावे, म्हणजे कळेल.

डॉक्टर तिथल्याच होत्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी मला बाजूला बसवून शांतपणे समजावले. इथल्या हवेतही प्राणवायूचा वाटा खालच्याइतकाच, शंभरात एकवीस. पण वरून दाबणारा हवेचा भार कमी, समुद्रकाठच्या दोनतृतीयांशाइतकाच. म्हणून दर श्वासात हाती येणारा प्राणवायूही तेवढाच. शरीर मग भराभर श्वास घेऊ लागते. त्याने रक्तातला कर्बवायू उतरतो, रक्ताचा तोल बिघडतो, आणि तो तोल सावरायला मूत्रपिंडांना दोनतीन दिवस लागतात. ते दिवस त्यांना द्यायचे असतात. "सैन्यातला जवान विमानाने इथे आला तर त्यालाही आधी सहा दिवस सवय करायला लावतात," त्या म्हणाल्या, "आणि त्यातले पहिले दोन दिवस नुसती विश्रांती. तो तर विशीतला असतो." मला साबळे आठवला. सियाचीनला तोही असाच पायरीपायरीने गेला असेल, मुक्कामावर मुक्काम करीत. ह्या पायऱ्या मी वाचल्या नव्हत्या.

"रात्रभर प्राणवायू देऊ. सकाळी उतार नसेल तर पहिल्या विमानाने खाली न्या. छातीत पाणी होऊ लागलं तर थांबता येत नाही."

ती रात्र मी लोखंडी स्टुलावर बसून काढली. नळीतून प्राणवायू बुडबुडत होता आणि तिच्या मुखवट्यावर दर श्वासागणिक धुके धरत होते आणि विरत होते. बावीस वर्षे मी माझे श्वास मोजले, नाडी मोजली, मिनिटे मोजली. त्या रात्री मी दुसऱ्याचा श्वास मोजला. मिनिटाला अठ्ठावीस. मग सव्वीस. मध्येच पुन्हा तीस झाले तेव्हा मी उठून नर्सला बोलावून आणले. बाहेर कुत्री भुंकत होती. लेहला कुत्री फार. रात्रभर एकाचे थांबते तर दुसऱ्याचे सुरू होते.

दोनच्या सुमारास तिने डोळे उघडले. "झोपला नाहीत?" मुखवट्याआडून तिने विचारले.

"तू कशाला बाहेर पडलीस गं?" मी म्हणालो. दिवसभर हे विचारायचे धैर्य मला झाले नव्हते.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घरी आपल्या सडकेवरची कुत्री भुंकतात ना, तुम्ही गावाजवळ आलात की. पहिली भुंकली की मी आधण ठेवते. इथं तर रात्रभर साऱ्या बाजूंनी भुंकत होती. तुम्ही कुठं आहात काही कळेना."

चहा थंड का होत नाही आणि मला थांबावे का लागत नाही, हे मला बावीस वर्षांनी कळले, तेही साडेतीन हजार मीटरवर. मी अंगणात येऊन मिनिटे जाहीर करीत असे तेव्हा ती मला तिच्या हिशेबात ठाऊकच असत.

"आज किती?" तिने विचारले.

रोज आपणहून जाहीर करणारा मी, मला उत्तर देववेना. खोटे सांगण्यासारखी ती वेळही नव्हती. "तीनशे बारा," मी म्हणालो.

"मिनिटं?"

"पावलं."

मुखवट्यात एकदम मोठे धुके धरले. ती हसली होती. "एवढ्यासाठी?" ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली. पहाटे श्वास बावीसवर आले होते, आकडा सत्याऐंशीवर. विमानाने खाली न्यावे लागले नाही.

पुढचे पाच दिवस आम्ही म्हाताऱ्या घरमालकाच्या हुकमात काढले. जर्दाळू खाल्ले, मीठ-लोण्याचा चहा प्यायलो. तो सौ.ला आवडला नाही, पण तो घुसळायचे लाकडी नळकांडे मात्र तिने चारी बाजूंनी निरखून पाहिले. लडाखची मॅरेथॉन सप्टेंबरातच असते. तिच्यासाठी देशोदेशींचे धावपटू आधीच येऊन राहिले होते. बाजारातून ते हिंडताना दिसत. पायांत माझ्याहून दसपट किमतीचे बूट, पिंडऱ्या दगडासारख्या, आणि चाल एखाद्या वरातीतल्या विहिणीसारखी संथ. कुणीही धावत नव्हते. मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

निघण्याच्या आदल्या सकाळी सौ.च म्हणाली, "जा आता. पण ह्या भिंतीपासून त्या झाडापर्यंत. मला दिसलं पाहिजे." ती शाल गुंडाळून भिंतीवर बसली आणि घड्याळ तिने हातात घेतले. डॉक्टरांची परवानगी होती. मी भिंत ते झाड, झाड ते भिंत असा, शब्द तुटणार नाहीत एवढ्याच वेगाने, बोलत बोलत एक किलोमीटर धावलो. नऊ मिनिटे लागली. घरी एवढ्या वेळात माझे दीड किलोमीटर होते.

खाली उतरल्यावर आपण वाऱ्यासारखे सुटू अशी एक अंधुक आशा मला अजून होती, ती लपवीत नाही. मोठ्या शर्यतीच्या आधीच आम्ही परतलो, आणि पोळ्याच्या दोन दिवस आधी पहाटे मी पुन्हा पुलाच्या वाटेला लागलो. पाऊस नुकताच उघडला होता, धान पोटरीला आले होते, आणि हवा अशी दमट की अंगावर ओले पोते टाकल्यासारखे वाटावे. आठवडाभरात रक्त काही सुधारले नव्हते. सदतीस मिनिटे झाली. पण गावाच्या कडेला आलो आणि चक्कीजवळचे काळे कुत्रे नेहमीप्रमाणे अंगावर आले, तेव्हा मी थांबून त्याला पुरते भुंकू दिले.

संध्याकाळी वही काढली. २ सप्टेंबरची ओळ कोरी होती. सौ. कंदुरीच्या वेलाचे दोर बांधत होती, तिने मान वळवून पाहिले.

"लिहा की तीनशे बारा."

मी लिहिले.

"आणि माझी?"

"तुझी किती झाली?"

"मी कुठं मोजली?" ती म्हणाली, आणि दोराची गाठ दाताने आवळू लागली.

तीनशे बाराच्या खाली मी एक ओळ आखून ठेवली आहे.